राष्ट्रधनाचा जाणता विश्वस्त : डॉ. विक्रम साराभाई

गरीब देशाच्या खजिन्यातील प्रत्येक रुपयावर अनेकांचा हक्क असतो. शेतकऱ्याला पाटाचे पाणी हवे असते, गावाला शाळा हवी असते, रुग्णाला औषध हवे असते. अशा देशाने विज्ञानाच्या प्रयोगांवर पैसा खर्च करावा काय, आणि करावयाचा तर तो कोणाच्या हाती, कोणत्या रीतीने व किती काळ द्यावा, हा स्वतंत्र भारतापुढील एक अवघड प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी संस्था उभारून आणि माणसे घडवून दिले, त्या थोर पुरुषांत डॉ. विक्रम अंबालाल साराभाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. भारतीय अवकाश कार्यक्रमाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु जनतेच्या पैशाचा एक दक्ष विश्वस्त ही त्यांची दुसरी ओळख तितकीच मोलाची आहे.

घराणे आणि संस्कार

विक्रमभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे एका प्रतिष्ठित जैन कुटुंबात झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे चालक व अहमदाबादच्या गिरणीमालकांतील अग्रणी. मातोश्री सरलादेवी. आठ भावंडांच्या या गर्भश्रीमंत घरातील वातावरण सुधारणावादी होते. मुलांच्या शिक्षणासाठी अंबालालभाईंनी शाहीबागेतील रिट्रीट या आपल्या निवासस्थानीच शाळा चालविली आणि उत्तमोत्तम शिक्षक नेमले.

संपत्तीबरोबर कर्तव्य येते हा धडा या घरात रोज दिसत होता. १९१५ साली महात्मा गांधींच्या आश्रमात अस्पृश्य कुटुंबाला प्रवेश मिळताच देणगीदारांनी हात आखडता घेतला. तेव्हा अंबालालभाईंनी नाव न सांगता १३,००० रुपये आश्रमास देऊन तो सावरला. १९१८ च्या गिरणी संपात अंबालालभाई मालकांचे नेतृत्व करीत होते, तर त्यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूने उभ्या होत्या. आजच्या पिढीला याचे नवल वाटेल, पण मतभेद राखूनही नाते आणि आदर टिकविता येतो हे विक्रमभाई अशा घरात शिकले. पुढे सरकार, उद्योगपती, शास्त्रज्ञ आणि परदेशी संस्था यांना एका बैठकीस आणून त्यांच्याकडून एकच काम करवून घेण्याचे जे कौशल्य त्यांच्या ठायी दिसले, त्याचे मूळ येथे असावे.

अहमदाबादच्या गुजरात कॉलेजातील शिक्षणानंतर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले आणि १९४० साली तेथील पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. डॉ. होमी भाभाही तेव्हा तेथेच होते. १९४२ साली नृत्यकलानिपुण मृणालिनीदेवींशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परत जाऊन त्यांनी १९४७ साली डॉक्टरेट संपादन केली.

खासगी बीज, सरकारी सिंचन

देश स्वतंत्र होत असता अठ्ठावीस वर्षांचा हा तरुण अहमदाबादला परतला. घरचा मोठा उद्योग हात जोडून उभा होता. तथापि त्यांनी प्रथम हाती घेतले ते भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभारण्याचे कार्य. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी या संस्थेची स्थापना झाली. साराभाई कुटुंबाचे कर्मक्षेत्र एज्युकेशनल फाउंडेशन आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी यांनी आरंभीचे पाठबळ दिले आणि सोसायटीच्या विज्ञान महाविद्यालयातील खोल्यांत काम सुरू झाले. ज्येष्ठ हवामानशास्त्रज्ञ डॉ. के. आर. रामनाथन हे पहिले संचालक झाले. संस्थेचे काम डोळ्यांसमोर आल्यावर केंद्र सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची आणि अणुऊर्जा विभागाची अनुदाने येऊ लागली. पुढे तिच्या व्यवस्थापनात केंद्र सरकार, गुजरात सरकार आणि हे दोन्ही खासगी संस्थापक एकत्र बसू लागले.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. समाजातील जाणत्या मंडळींनी आपला पैसा व आपली पत आधी पणाला लावली. सरकारने नंतर आपला वाटा घातला, आणि तो घालताना संस्थेचे स्वातंत्र्य अबाधित ठेवले. मोठ्या वृक्षाला लागणारे पाणी एका कुटुंबाच्या विहिरीतून पुरत नाही. म्हणून सरकारी पाट आवश्यक असतो. परंतु कोणते रोप कोठे लावावे हे स्थानिक माळ्यास अधिक कळते.

कापडगिरण्यांची प्रयोगशाळा

कापडाच्या व्यापाऱ्यांस विशेष जिव्हाळ्याची वाटेल अशी दुसरी संस्था म्हणजे अहमदाबाद टेक्स्टाइल इंडस्ट्रीज रिसर्च असोसिएशन, अर्थात अटिरा. श्रेष्ठी कस्तुरभाई लालभाई आणि अहमदाबादचे गिरणीमालक यांच्या पुढाकाराने १९४७ साली तिची स्थापना झाली. विक्रमभाईंनी १९५६ पर्यंत तिचे मानद संचालकपद सांभाळले.

त्या काळी गिरण्यांचा कारभार बहुतांशी अनुभवी मास्तरांच्या नजरेवर आणि हाताच्या अंदाजावर चाले. सूत का तुटते, खळ कमी पडली की जास्त, हवेतील ओलाव्याचा धाग्यावर काय परिणाम होतो, हे मोजून पाहण्याची रीत नव्हती. एखाद्या गिरणीने स्वखर्चाने संशोधन करावे तर त्याचा लाभ शेजारच्या प्रतिस्पर्ध्यालाही आपसूक मिळणार. त्यामुळे एकट्याने पदर झिजविण्यास कोणी तयार होत नसे. सरकारने एकट्याने प्रयोगशाळा काढावी तर खात्यातील नेमका दोष तिच्यापर्यंत पोहोचणार नाही आणि फुकट मिळालेला सल्ला गिरणीत कोणी ऐकणार नाही. अटिराने यातून मध्यम मार्ग काढला. गिरण्यांनी वर्गणी द्यावयाची आणि केंद्र सरकारने अनुदान द्यावयाचे. वर्गणी भरणारा मालक मग हक्काने विचारू लागला की माझ्या पैशाचे काय झाले. शास्त्रज्ञाला साच्यापाशी जाऊन उभे राहावे लागले, आणि मालकाला आपल्या वह्या उघडाव्या लागल्या.

विक्रमभाईंनी येथे नेमलेले बहुतेक शास्त्रज्ञ तरुण होते व त्यांना कापडगिरणीचा पूर्वानुभव नव्हता. जुन्या जाणकारांना हे विचित्र वाटले. पण ज्याने पूर्वी कधी विचारले नाही असे प्रश्न नवखा मनुष्यच विचारतो, हे विक्रमभाई जाणून होते. यंत्रे आणि धागा यांच्याबरोबर कामगारांच्या मनाचा अभ्यास करण्यासाठी मानसशास्त्राच्या तज्ज्ञांनाही त्यांनी बोलाविले. पुढे मुंबईत १९५४ साली आणि त्यानंतर कोईमतूर येथेही अशाच सहकारी संशोधन संस्था निघाल्या.

१९६१ साली अहमदाबादेत भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तिच्यामागेही हेच सूत्र होते. केंद्र सरकार, गुजरात सरकार, स्थानिक उद्योगपती आणि अमेरिकेतील फोर्ड फाउंडेशन यांनी भार वाटून घेतला. हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाचे सहकार्य मिळाले. १९६५ पर्यंत विक्रमभाई तिचे मानद संचालक होते, आणि योग्य उत्तराधिकारी मिळताच ते बाजूस झाले.

थुंबाच्या किनाऱ्यावर

१९६२ साली डॉ. भाभांच्या अणुऊर्जा विभागाने अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली व तिचे अध्यक्षपद विक्रमभाईंकडे आले. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा केरळात तिरुवनंतपुरमजवळील थुंबा या कोळ्यांच्या गावावरून जाते. वातावरणाच्या उच्च थरांच्या अभ्यासास ही जागा जगात दुर्मीळ होती. ती निवडण्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. गावात मेरी मॅग्डालेनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या समाजाची संमती मिळविली आणि ते पवित्र स्थान विज्ञानकार्यास दिले. चर्चची इमारत कार्यशाळा बनली. रॉकेटचे भाग सायकलवरून वाहून नेले जात असतानाची छायाचित्रे आज सर्वपरिचित आहेत.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून पहिले रॉकेट आकाशात गेले. रॉकेट अमेरिकेचे होते, त्यातील सोडियम बाष्पाचे उपकरण फ्रान्सचे होते. सोव्हिएत संघाने संगणक व हेलिकॉप्टर पुरविले. शीतयुद्धाच्या ऐन भरात परस्परविरोधी राष्ट्रे या एका किनाऱ्यावर सहकार्य करीत होती. भारताच्या खजिन्यावर तुलनेने अल्प भार पडला आणि आपल्या तरुण अभियंत्यांना अमेरिकेच्या केंद्रांत शिक्षण मिळाले. मात्र परदेशी मालाचे गिऱ्हाईक होऊन राहणे विक्रमभाईंना मान्य नव्हते. फ्रान्सच्या परवान्याने सेंटॉर रॉकेट येथे बनविण्याचे ज्ञान घेतले गेले आणि त्याच वेळी स्वतंत्र संशोधनही सुरू ठेवले गेले. २० नोव्हेंबर १९६७ रोजी रोहिणी हे छोटे भारतीय रॉकेट उडाले. इंग्लंडमध्ये काम करीत असलेले डॉ. वसंत गोवारीकर विक्रमभाईंच्या बोलावण्यावरून थुंबास आले आणि घन इंधनाच्या कार्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले.

दुष्काळाची वर्षे

२४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात डॉ. भाभांचे निधन झाले, आणि त्याच वर्षी मे महिन्यात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रमभाईंवर आले. कौटुंबिक उद्योगातील पदे सोडून त्यांनी ही जबाबदारी पत्करली. आयोगाचे मुख्यालय मुंबईत, अवकाश केंद्र केरळात, प्रयोगशाळा अहमदाबादेत आणि मंत्रालये दिल्लीत. त्यामुळे त्यांचे जीवन अखंड प्रवासाचे झाले.

काळ मोठा कठीण होता. १९६५ चे युद्ध नुकतेच संपले होते. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. अमेरिकेहून जहाजाने येणाऱ्या गव्हावर कोट्यवधींची चूल पेटत होती. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. चौथी पंचवार्षिक योजना १९६९ पर्यंत लांबणीवर पडली. अशा वेळी रॉकेट उडविणे ही श्रीमंतांची हौस आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांस अप्रामाणिक म्हणता येणार नाही. भुकेल्या घरात दिवाळीची आतषबाजी कोणाच्याही मनास खटकेल.

विक्रमभाईंनी हा आक्षेप टाळला नाही. चंद्रावर मनुष्य पाठविण्याच्या शर्यतीत भारताने उतरावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. देशाच्या रोजच्या अडचणी सोडविण्यासाठी प्रगत तंत्राचा वापर करण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे राहू नये, अशी त्यांची धारणा होती. लाखो खेड्यांपर्यंत शेतीचे ज्ञान, आरोग्य व शिक्षण पोहोचवावयाचे तर जमिनीवर मनोऱ्यांचे जाळे विणण्यास कित्येक दशके लागतील, आणि एक उपग्रह तेच काम थोड्या काळात करील, असा त्यांचा हिशेब होता. श्रीमंत देश ज्या पायऱ्या चढून गेले त्या सर्व पायऱ्या गरीब देशाने पुन्हा चढण्याची गरज नाही, हे त्यांच्या विचाराचे सार होय.

हा हिशेब त्यांनी कागदावर ठेवला नाही. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या आसपासच्या ८० गावांत दूरचित्रवाणी संच बसवून कृषि दर्शन हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे विक्रमभाईंचा आग्रह होता. थोड्या खर्चात कल्पनेची परीक्षा झाली. त्याच वर्षी अहमदाबादेत उपग्रह संदेशवहनाचे प्रायोगिक भूकेंद्र संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने उभे राहिले व तेथे अभियंते तयार झाले. म्हणूनच पुणे जिल्ह्यात आर्वी येथे देशाचे उपग्रह भूकेंद्र उभारण्याची वेळ आली तेव्हा ते काम भारतीय अभियंत्यांवर सोपविता आले. त्या केंद्रास पुढे विक्रमभाईंचेच नाव देण्यात आले. १९७० साली केरळातील माडांवरील रोगाची पाहणी हेलिकॉप्टरमधून विशेष छायाचित्रे घेऊन करण्यात आली. डॉ. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखालील हा छोटा प्रयोग म्हणजे भारतातील दूरसंवेदनाचा श्रीगणेशा होय.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्थेची स्थापना झाली. १९६७ साली हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन स्थापन झाले होते. त्यामुळे सरकारी प्रयोगशाळेत जन्मलेले तंत्र कारखान्यात उतरविण्याची वाट मोकळी झाली.

अपुरे आयुष्य, पुरे झालेले काम

३० डिसेंबर १९७१ रोजी, थुंबाच्या कामानिमित्त केरळात असताना, कोवळम येथे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ५२. त्यांच्या संकल्पातील एकही उपग्रह तोवर अवकाशात गेला नव्हता. लौकिक दृष्टीने पाहता खर्च झाला होता आणि जमेची बाजू कोरी होती.

जमा पुढे झाली. १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून गेला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, विक्रमभाईंच्या काळात १९६९ साली अमेरिकेशी झालेल्या करारानुसार, उसन्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे कार्यक्रम दिसले. चिटणीस यांनी या प्रयोगाची धुरा वाहिली. खेड्यांतील संच हैदराबादच्या त्याच सरकारी कारखान्यात बनले होते, आणि अँटेना कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तशा तारेच्या जाळीचे होते. १९७९ साली भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक रॉकेटचे उड्डाण अयशस्वी झाले, आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. थुंबाच्या पहिल्या रॉकेटपासून तेथवर १७ वर्षे लागली. कोणताही सावकार इतका काळ व्याजाविना थांबत नाही. सरकारचा पैसा येथे उपयोगी पडला तो नेमका या धीरामुळे.

या जमाखर्चात खोटही आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. १९७० साली विक्रमभाईंनी मांडलेल्या दशवार्षिक आराखड्यातील अनेक उद्दिष्टे मुदतीत गाठता आली नाहीत. अणुवीजनिर्मिती फार मागे राहिली. जड उपग्रह उंच कक्षेत नेणारे स्वदेशी क्रायोजेनिक इंजिन २०१४ साली यशस्वी झाले. उपग्रहामुळे दूरचित्रवाणी खेडोपाडी पोहोचली खरी, परंतु शेती व शिक्षणापेक्षा करमणूक आणि जाहिराती यांनीच तिचा अधिक वेळ व्यापला. सरकारी धन साधन निर्माण करून देते. त्या साधनाचा विनियोग कसा होईल याची पहारेदारी समाजालाच करावी लागते.

तरीही जमेची बाजू भारी आहे. १९९९ सालच्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे दगावली. २०१३ साली तेथेच फायलिन हे भीषण वादळ आले तेव्हा उपग्रहांच्या आधारे मिळालेली पूर्वसूचना आणि प्रशासनाने केलेले लाखो लोकांचे स्थलांतर यांमुळे मृतांची संख्या शेकड्याच्याही खाली राहिली. अवकाश संस्थेच्या मागणीमुळे खासगी कारखान्यांचीही कुवत वाढली. सोलापूरच्या जैन समाजातील उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद यांनी वसविलेल्या वालचंदनगरातील कारखाना १९७० च्या दशकापासून रॉकेटची आवरणे घडवीत आला आहे. साखर कारखान्यांची यंत्रे बनविणाऱ्या हातांना अचूकतेची ही नवी शिस्त सरकारी खरेदीने लावली. २०२० साली अवकाश क्षेत्र खासगी उद्योगास खुले झाले आणि १८ नोव्हेंबर २०२२ रोजी एका खासगी भारतीय कंपनीचे पहिले रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडाले. त्याचे नाव विक्रम-एस. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलेल्या भारतीय यानाचे नावही विक्रमच होते.

देशात २०२०-२१ साली संशोधनावर झालेला एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. प्रगत देशांत उद्योगांचा वाटा याहून पुष्कळ अधिक असतो. संशोधनाचा सारा भार सरकारने वाहावा असा विक्रमभाईंच्या कार्याचा अर्थ नाही. अटिरासाठी वर्गणी भरणारे अहमदाबादचे गिरणीमालक त्यांच्या कथेत तितकेच महत्त्वाचे आहेत. सरकारने दीर्घकाळ धीर धरावा, समाजातील धनिकांनी आपला वाटा आधी घालावा, आणि काम अशा माणसांच्या हाती द्यावे की जे दुसऱ्याचा पैसा स्वतःच्या पैशाहून अधिक जपतात, हा त्यांच्या जीवनाचा बोध होय. सार्वजनिक निधी सांभाळणाऱ्या लहानमोठ्या प्रत्येक संस्थेला तो सारखाच लागू पडतो.

घरचे वैभव सोडून राष्ट्राच्या तिजोरीचा रुपया न् रुपया भावी पिढ्यांसाठी पेरणाऱ्या या कर्मयोग्याच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.